आजोबांचा स्त्रीपार्ट शिकताना

गेल्या वर्षभरात मला नाचणाऱ्या मुलामुलींचे बरेच फोन आले. कुणाला आपल्या आजीवर काही करायचं असतं, कुणाला पणजोबांवर, कुणाला गावावर. मी दशावतारावर, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकावर बेतलेला पाऊण तासाचा एकल प्रयोग केला, म्हणून मला विचारतात. सुरुवात कुठून करायची, कुणाला भेटायचं, पैसे किती लागतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा काय काय झालं ते एकदा क्रमाने लिहून टाकते.

मी आधी भरतनाट्यम शिकले, मग बंगळुरूत समकालीन नृत्य. राहते पुण्यात. आमचं मूळ गाव कुडाळ तालुक्यात. आजोबा दशावतारात स्त्रीपार्ट करायचे, एवढं लहानपणापासून कानावर होतं. त्यापुढे कुणी बोलत नसे. बालगंधर्वांचं नाव घेतलं की आपल्याकडे माना डोलतात. जत्रेतल्या स्त्रीपार्ट्याचं नाव घेतलं की लोक आधी हसतात. आमच्या घरातही तसंच होतं, फक्त कुणी हसत नसे, विषय बदलत.

अक्रम खानचा ‘देश’ हा प्रयोग मी रेकॉर्डिंगवर पाहिला आणि हे डोक्यात शिरलं. अक्रम लंडनला वाढलेला, आईवडील बांगलादेशी. कथक तो प्रताप पवारांकडे शिकला. ‘देश’ 2011 सालचा, रंगमंचावर तो एकटाच. त्यात तो स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावर चेहरा रंगवतो आणि मान खाली घालतो. मग ते डोकंच वडिलांचं तोंड होतं. वडील आचारी. मला ते फार आवडलं, कारण बापाबद्दलची माया वगैरे तो दाखवत बसत नाही. सरळ बाप होऊन उभा राहतो.

मग सेनेगलच्या जर्मेन अकोन्यीबद्दल वाचलं. आजी योरुबा पुजारीण होती, तिच्यावर या बाईंनी 2015 साली, सत्तरी ओलांडल्यावर एकल प्रयोग केला. पण त्यांच्या हाताशी वडिलांनी लिहून ठेवलेला मजकूर होता. अक्रमने आपल्या चमूला घेऊन बांगलादेशची वारी केली होती. माझ्याकडे एक फोटो होता. आजोबा शालू नेसून, मान किंचित कलती करून उभे. मागे पडदा. फोटोत गुडघ्यांखालचा भाग आलेलाच नाही.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “मला काही आठवत नाही.” मी पुन्हा विचारलं नाही. नालासोपाऱ्याला आत्या असते, तिच्याकडे गेले. तिने मात्र जेवण होईपर्यंत सगळं सांगितलं.

आजोबा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, नाहीतर घरी. पावसाळाभर आजोबा हे करत. तुळशीचं लग्न झालं की गावी, दशावतारी मंडळीबरोबर. नोकरीत कायम व्हायची धडपड त्यांनी कधी केली नाही, कारण कायम झाल्यावर जत्रांना सुट्टी कोण देणार? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ते सिंधुदुर्गात कुठल्यातरी जत्रेत होते. त्यानंतर ते मुंबईला परत आलेच नाहीत. वडील तेव्हा कॉलेजात होते. फी भरायचे पैसे थांबले. त्यांनी कॉलेज सोडून एका दुकानात हिशेब लिहायला सुरुवात केली. हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. वडिलांना का आठवत नाही, तेही कळलं.

पुण्यात एक स्टुडिओ तासावर भाड्याने घेतला आणि कामाला लागले. फोटो भिंतीला चिकटवला. त्या उभं राहण्यावरून हालचाली काढायच्या, त्या वाढवत न्यायच्या, ही आमची नेहमीची पद्धत. बरंच काही तयार झालं. एका जाणकार मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, “सुंदर आहे. पण हे कुणाचेही आजोबा असू शकतात.” तिचं खरं होतं. एका फोटोतून तेवढंच निघणार.

मग सिंधुदुर्गाची गाडी पकडली. माझ्या सोयीने, म्हणजे आषाढात. पावसात जत्रा नसतात. गणपतीच्या सुमारास हॉलमध्ये वगैरे प्रयोग होतात, पण मंडळ्यांचा खरा मोसम कार्तिकापासून. आषाढात कलाकार शेतात लावणीला, कुणी रिक्षावर, कुणी दुकानात. मी चार गावं फिरले आणि चहा पिऊन परत आले. पण त्या फेरीत एका रिक्षावाल्याने, जो स्वतः राजपार्ट करतो, मला एका म्हाताऱ्या स्त्रीपार्ट्याच्या दारात नेऊन सोडलं. मोसम नव्हता म्हणूनच त्यांना वेळ होता. पडवीत बसून ते सुतळी वळत होते.

त्यांचं नाव प्रयोगाच्या पत्रिकेवर छापलेलं असतं, इथे लिहीत नाही, कारण या लेखासाठी मी त्यांना विचारलेलं नाही. मी काका म्हणते. आजोबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी थोडा वेळ आठवून बघितलं. मग म्हणाले, “तुझो आजो उंच होतो. वाकान चलायचो.”

मला वाटलं, कंबरेत वाकून. म्हटलं, असं? त्यांनी हात झटकला. सुतळी बाजूला ठेवली, उठले आणि लुंगीच्या आत गुडघे दुमडून पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. डोकं एका रेषेत. खांदे जराही वरखाली नाहीत. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस. आजोबांच्या जोडीला जो राजा असे तो त्यांच्यापेक्षा ठेंगणा होता. राणी राजापेक्षा उंच दिसून चालणार नाही. म्हणून आजोबा साडीच्या आत गुडघे वाकवून चालत, बोलत, रडत. फोटोत गुडघ्यांखालचं काही नाही, आणि खरी करामत तिथेच होती.

मी पाच फूट नऊ इंच आहे. शाळेपासून वर्गात मागे उभी राहत आले. त्या दिवशी पडवीत मला रडू आलं, आणि काकांनी ते पाहिलंच नाही असं केलं. ते बरं झालं.

शिकायला सुरुवात झाली. मी तिथे खोली घेऊन राहिले, नंतरही जाऊन येऊन होते. काकांनी पहिले कितीतरी दिवस नुसतं चालायला लावलं. “पाय उचलूचो नाय, सरकवचो.” आमच्या समकालीन नृत्यात वजन जमिनीला सोडून द्यायला शिकवतात. इथे वजन मधेच कुठेतरी अडकवून ठेवायचं, ना वर ना खाली. मांड्या पेटत. त्यात हातात पदर, आणि तो पदर उगाच धरलेला दिसता कामा नये. मी बाई आहे, रोज बाईसारखीच चालते, तरी बाईसारखं चालायला मला एका पुरुषाकडून शिकावं लागलं, याची गंमत आम्हा दोघांनाही वाटे. काकू चुलीपाशी बसून म्हणत, “माका कोणी इचारूक नाय, बायलमाणूस कसा चलता ता.”

काकांनी एक अट घातली. लुगडं नेसून जमिनीवर लोळायचं नाही. “देवाचो रंग लागलेलो आसता.” जत्रेत रंगपटात आधी पेटाऱ्याची पूजा होते, मग तोंडाला रंग लागतो, आणि तो लागला की गावची माणसं नटाच्या पाया पडतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण माझ्या प्रयोगाचा निम्मा भाग जमिनीवरचा होता. लोळणं, घरंगळणं, उठणं. ते टाकून द्यावं की काय, असा पेच पडला. शेवटी क्रम बदलला. पहिल्या भागात मी सरावाच्या कपड्यात, तेव्हा जमिनीवरचं सगळं. मग प्रेक्षकांसमोर साडी नेसायची, आणि त्यानंतर जमिनीला फक्त पाऊल लागणार. आता प्रयोग पाहणारे म्हणतात की ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. ती काकांच्या अटीमुळे झालेली आहे.

मार्गशीर्षात पुन्हा गेले, जत्रा बघायला. पालखीची प्रदक्षिणा संपली, मध्यरात्र उलटली, मग नाटक सुरू झालं. आधी आडदशावतार. गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, मग काळ्या कपड्यातला संकासुर. तो मालवणीत बोलतो आणि गावातल्या भल्याभल्यांची टोपी उडवतो. मग आख्यान. लिखित संहिता नाही. कथा ठरलेली, संवाद उभ्या उभ्या. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच पलंग. आजकाल ‘ट्रिकसीनयुक्त’ अशी जाहिरात करून धूर आणि दिवे आणणाऱ्या मंडळ्या आहेत. त्यांना नावं ठेवणारे बहुधा शहरात राहतात. मला तर पहाटे तीनला त्या धुराने जागं ठेवलं. उजाडताना दहीकाला झाला. त्या रात्री राणी झालेला मुलगा सकाळी टेम्पोत सामान चढवत होता. डोळ्यांत काजळ तसंच.

पुण्याला परतल्यावर गुडघे गेले.

हा भाग नाचणाऱ्यांनी नीट वाचा. काकांची पडवी आणि खळं शेणाने सारवलेलं, मातीचं. माझ्या स्टुडिओत काँक्रीटवर फरशी होती, तिच्यावर पातळ व्हिनाईल. वाकलेल्या गुडघ्याने तासन्‌तास चालायचं म्हणजे गुडघ्याच्या वाटीमागे सतत दाब. त्यात दशावतारी युद्धातले पायाचे ठोके आणि गिरक्याही मी घेतल्या होत्या, ते सगळं फरशीवर. आधी जिना उतरताना दुखू लागलं. मग नडग्या. मग रात्री झोप येईना. फिजिओथेरपिस्टने सराव थांबवायला सांगितलं आणि मांडीचे व नितंबाचे स्नायू बळकट करायचे व्यायाम दिले. महिने गेले त्यात. ठरलेली तारीख रद्द करावी लागली. हॉलच्या व्यवस्थापकाने अनामत परत केली नाही. मला फार राग आला होता, पण करारात तसं लिहिलेलं होतं.

काकांना फोन करून विचारलं, तुम्ही रात्रभर कसे वाकून राहायचात? ते जोरात हसले. “रातभर कोण वाकान रवतलो? बाकडो कित्याक ठेवतत?”

खरंच की. राणी आत येते, चार पावलं चालते, बाकड्यावर बसते. मग संवाद, पद, रडणं, सगळं बसून. उठली की पुन्हा चार पावलं. मी जत्रेत बसून रात्रभर हे पाहिलं होतं, पण माझं लक्ष चालण्याकडे होतं, बसण्याकडे नव्हतं. माझ्या रचनेत मी सलग वीस मिनिटं वाकून चालत होते. तसं कुठलाच स्त्रीपार्टी कधी चालला नसेल. मग मीही बाकडं आणलं. कुडाळला एका सुताराकडून साधं आंब्याच्या फळ्यांचं करून घेतलं. चालणं तीन छोट्या तुकड्यांत आलं आणि मधली बैठक हा प्रयोगातला सगळ्यात बरा भाग झाला. सराव आता लाकडी, खाली पोकळी असलेल्या फ्लोअरवर करते. भाडं जास्त पडतं म्हणून तीन नाचणाऱ्यांनी मिळून तो घेतला आहे. ठोके दिवसातून ठरावीक वेळच.

संगीताचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला मृदंग रेकॉर्ड करून आणला होता. तो नटाकडे बघत नाही, ही अडचण. दशावतारात मृदंगवाला नटाच्या पावलाकडे बघून वाजवतो. पाऊल लांबलं तर तोही थांबतो. रेकॉर्डिंग पुढे निघून जायचं आणि मी मागून धावायची. मग एका मंडळीतल्या मृदंगवाल्याशी बोलले. मोसमात त्याची रात्र रात्र बांधलेली. पुण्याला एका प्रयोगासाठी यायचं तर तालमीसकट त्याच्या तीन-चार रात्री बुडतात. त्या रात्रींचे पैसे, प्रवास आणि वर मानधन, असं सगळं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. आणि प्रयोग जून ते ऑक्टोबर याच काळात लावायचे असं ठरवलं. तेव्हापासून एकदाही वाद झालेला नाही.

प्रत्येक प्रयोगामागे काकांनाही ठरलेली रक्कम जाते. ती मदत म्हणून दिलेली नाही. चाल त्यांनी शिकवली, त्याचे ते पैसे. त्यांच्या चालण्याचं चित्रीकरण केलं आहे. ते कुठेही टाकायचं नाही, फक्त शिकण्यासाठी वापरायचं, असं त्यांनी सांगितलं आणि तसंच ठेवलं आहे. एक प्रत त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये आहे.

पुण्यातला पहिला प्रयोग बरा झाला. नातेवाईक आले होते. एक चुलतभाऊ मध्येच उठून गेला. नंतर म्हणाला, आजोबांना चारचौघांत लुगड्यात कशाला उभं केलंस? मी म्हटलं, ते स्वतःच उभे राहिले होते, हजारो लोकांसमोर. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

वडील शेवटपर्यंत बसले. टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना रिक्षात म्हणाले, “बाकडं इतकं पुढे नसतं. मागे पडद्याला लागून असतं.” मी काही बोलले नाही. मग म्हणाले, “मी त्यांच्या पेटाऱ्याला टेकून झोपायचो. आठ-नऊ वर्षांचा असेन.” त्यांनी त्या रात्री आणखी बरंच सांगितलं. त्यातलं काही प्रयोगात घेतलेलं नाही, ते आमच्या दोघांत आहे. बाकडं मात्र मागे नेलं.

एका मोठ्या शहरातल्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आयोजकांना पूर्ण वेश हवा होता. मुकुट, दागिने, तोंडाला रंग. नाहीतर पोस्टरवर लोककला दिसत नाही म्हणे. मी नाही म्हटलं. तो रंग मला कुणी दिलेला नाही, मी फक्त चालणं शिकले आहे. तारीख गेली. त्या पैशात वर्षभराचं फ्लोअरचं भाडं निघालं असतं, हे मला अजून अधूनमधून आठवतं.

गावीही प्रयोग केला, पाऊस सुरू व्हायच्या आधी, शाळेच्या हॉलमध्ये. जमिनीवरच्या भागाला मुलं खिदळली. काही माणसं उठून विडी ओढायला गेली. साडी नेसायला लागले तशी परत येऊन बसली. संपल्यावर एका आजीने मोठ्याने विचारलं, “आणि आख्यान खंय?” हॉलभर हशा. प्रश्न रास्त होता. तेव्हापासून सुरुवातीला मृदंगवाला मालवणीत पाच मिनिटं गोष्ट सांगतो. गिरणी, बदली, उंच आजोबा, ठेंगणा राजा. पुण्यातही सांगतो. लोकांना मग पुढचं कळतं. समकालीन नृत्यात आधी समजावून सांगणं कमीपणाचं मानतात. मला ते पटेनासं झालं आहे.

काका गावच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत होते. त्यांना चाल पसंत पडली. पदर अजून नाही.

जी मुलंमुली फोन करतात त्यांना एवढंच सांगते. घरात गोष्ट मिळाली नाही तर ते काम अजून करणाऱ्या माणसांकडे जा. दशावतार बघायचा असेल तर कार्तिक-मार्गशीर्षात जा. शिकायचं असेल तर मोसम संपल्यावर, म्हातारी माणसं घरी असतात तेव्हा. जुन्या स्त्रीपार्ट्यांपैकी थोडेच उरलेत, त्यामुळे पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि मानधनाचं फोनवरच आधी बोलून घ्या. समोर गेल्यावर ती माणसं स्वतःहून तो विषय काढत नाहीत.